बाराशे रुपयांची पेटी

माझी उंची चार फूट दहा इंच. वकिलीत उंचीला काही किंमत नसते असं लोक म्हणतात. नाशिकच्या कोर्टाच्या बार रूममध्ये उमेदीची वर्षं काढलेल्या बाईला त्यांनी हे सांगू नये. तिथे मला 'अर्ध्या तिकिटाची वकीलीण' म्हणायचे. मी चिडायचे, आणि चिडते म्हणून ते आणखी म्हणायचे. या उंचीचा मला आयुष्यात एकदाच उपयोग झाला. दोन हजार एक सालच्या फेब्रुवारीत, नाशिक रोडच्या एका गोदामात. मी चार बोटं जरी उंच असते तरी सविताची पेटी गेली असती. म्हणून गोष्ट सविताची असली तरी सुरुवात माझ्यापासून केली.

सविता सटाण्याची. तिचे वडील चिमाजी सुतार बैलगाडीची चाकं, दारं, देव्हारे असलं काम करायचे. माणूस अबोल, पण कामातली खोट दिसली की गप्प बसवायचं नाही. एकोणनव्वदच्या डिसेंबरात सटाण्याच्या यात्रेत एका जादूगाराचा तंबू लागला होता. 'जादूगार के. किशोर, नाशिक रोड.' त्याच्या एका टेबलाचा चोरकप्पा मोडला. तो टेबल चादरीत गुंडाळून चिमाजींकडे घेऊन आला आणि म्हणाला, आत बघू नका, फक्त दुरुस्त करा. चिमाजींनी विचारलं की वैद्याला नाडी दाखवायची नाही आणि औषध मात्र मागायचं, हे कसं जमायचं. मग त्यांनी चादर काढली, कप्पा पाहिला, आणि हे ज्याने बनवलं त्याला रंधा धरता येत नाही असं सांगून टाकलं.

त्या हिवाळ्यात किशोर काही ना काही दुरुस्तीला घेऊन चार वेळा आला. चौथ्या वेळी सामान धडधाकट होतं, त्यामुळे सविताच्या आईच्या, पुतळाबाईंच्या, सगळं लक्षात आलं. सविता एकोणीस वर्षांची होती. किशोरच्या घरच्यांनी हुंडा मागितला वीस हजार. चिमाजी म्हणाले, पैसे नाहीत, हात आहेत. मी जावयाला अशी पेटी करून देतो की बाई आत गेली की नाहीशी होईल, आणि पाहणारा पेटीला चारी बाजूंनी हात लावून गेला तरी त्याला कळणार नाही.

पेटी सविताच्या मापाची होती. चिमाजींनी तिला अंगणात कुशीवर निजवलं, गुडघे दुमडायला लावले आणि खडूच्या दोरीने तिच्याभोवती माप आखलं. पुतळाबाई कडाकडा भांडल्या. जिवंत पोरीला जमिनीवर निजवून माप घेतात का, हे काय लक्षण, असं म्हणत त्यांनी दोन दिवस नवऱ्याशी अबोला धरला. चिमाजींनी ते ऐकून घेतलं आणि माप काही बदललं नाही. पेटी पुरी झाली तेव्हा त्यांनी मुलीला दसऱ्याला पुजतात त्या हत्यारांवर हात ठेवायला लावून शपथ घातली, की ही पेटी कशी चालते ते ती कोणाला सांगणार नाही. लग्नाच्या टेम्पोत सविताच्या शेजारी ती पेटी होती. भांडीकुंडी मागच्या टेम्पोतून आली.

पुढची नऊ-दहा वर्षं सविता त्या पेटीत जात राहिली. दिवाळी संपली की शाळांचे प्रयोग सुरू व्हायचे. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, आश्रमशाळा, झेडपीच्या शाळा, पोरामागे दोन रुपये. किशोर कोटाला झगमग पट्ट्या लावून बोलत असायचा, सविता साटिनचा ड्रेस घालून हसत असायची. मग ती पेटीत जायची आणि नाहीशी व्हायची. ती नाहीशी असायची तेवढी चार-पाच मिनिटं कुशीवर, गुडघे छातीशी, श्वास धरून. पोरं बाहेर ओरडायची ते तिला उशीत डोकं खुपसल्यासारखं ऐकू यायचं. प्रयोग संपला की ती टाळ्या घ्यायला परत यायची, पण हेडमास्तरांच्या खोलीत पैसे घ्यायला किशोर एकटा जायचा. हंगामात किती झाले, तिने कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. प्रयोगाच्या दिवशी तिने जेवायचं नाही, असा किशोरचा नियम होता. पेटीचं माप एकोणीस वर्षांच्या पोरीचं, आणि बाई काही एकोणीसची राहत नाही. हंगामात आठवड्याला पाच प्रयोग असले तर पाच दिवस चहा आणि केळं. मुलाचा विषय निघाला की तो म्हणायचा, पोट आलं तर पेटीत कोण बसणार? हे त्याने एकदा नाही, दरवर्षी म्हटलं. तिला मूल झालं नाही ते असं. हे तिने मला खटला संपल्यावर सांगितलं, तेसुद्धा भाजी निवडता निवडता, आणि माझ्याच हातातली मेथीची जुडी खाली पडली.

आई चौऱ्याण्णवला गेली, वडील सत्त्याण्णवला. तोवर किशोरला वाढदिवसांचे कार्यक्रम मिळायला लागले होते. द्राक्षवाल्यांची बंगलेवाली मंडळी, मुंबईचे फ्लॅट. तिथे दोन रुपये नव्हते, एका संध्याकाळचे दोन हजार होते. रोशनी नावाची एक नवी मुलगी त्याच्या हाताखाली आली. मुलीचा काही दोष नाही, तीही पोटासाठीच आली होती. नव्व्याण्णवच्या गणपतीनंतर किशोरने सविताला घराबाहेर काढलं आणि दोन महिन्यांत घटस्फोटाचा अर्ज टाकला.

त्याचं प्रतिज्ञापत्र मी नंतर वाचलं. मासिक उत्पन्न आठशे रुपये. मालमत्तेच्या यादीत 'जुनाट लाकडी सामान व पेट्या, अंदाजे किंमत रुपये बाराशे'. कलाकाराच्या घटस्फोटात हे नेहमीचंच असतं, स्टेजवर सोन्याचा मुकुट आणि कोर्टात फाटकी बनियन. त्याच्या कमाईला पावत्या नाहीत, पगारपत्रक नाही. ज्या हेडमास्तरांनी पैसे दिले ते कशाला कोर्टात येतील? बायको म्हणून एकरकमी पंचवीस हजार देतो, विषय संपवू, असा त्याने निरोप पाठवला.

सविताने पैसे नाकारले. तिने फक्त पेटी मागितली. तिचे वकील कपाळाला हात लावून बसले. पोटगी माग, घरात वाटा माग, लाकडं काय मागतेस, असं ते तिला प्रत्येक तारखेला म्हणायचे. ती म्हणायची, पोटगी ते देतील तोवर देतील, पेटी असली तर मला कोणाकडे मागावं लागणार नाही. तिला दुसरं काही येत नव्हतं. ती त्या वेळी दिंडोरीला द्राक्षांच्या पॅकिंगला जात होती, चाळीस रुपये रोज, आणि तेही हंगामापुरतंच. पेटी म्हणजे तिची भाकरी होती.

किशोर पेटी सोडेना. बाराशे रुपयांची वस्तू आहे तर देऊन टाका की, असं न्यायाधीशसाहेबांनी एकदा सहज म्हटलं, तेव्हा त्याने मुंबईच्या एका जादूसामानवाल्याची पावती काढून दाखवली. 'लाकडी कॅबिनेट, एक नग, रुपये चौदा हजार, ऑगस्ट १९९१.' म्हणजे पेटी त्याने विकत घेतलेली, धंद्याचं हत्यार, बायकोचा संबंध नाही. चौदा हजाराची वस्तू बाराशेवर कशी आली, तर झीज. सविताकडे काय होतं? बाप मुलीला वस्तू देतो तेव्हा पावती फाडत नाही. बनवणारा गेला, बघणारी आई गेली.

वकिलांनी विचारलं, तुझ्याकडे पुरावा काय? ती म्हणाली, आहे, पण कुठे आहे ते सांगता येणार नाही. वकील संतापले. त्यांना ती वेडसर वाटली. पण तिचं गणित सरळ होतं. पुरावा पेटीच्या आत होता, आणि पेटी किशोरच्या गोदामात, त्याच्या कुलपात होती. बोललं की ते कागदावर येणार, कागदाची प्रत समोरच्याला जाणार. शिवाय दोन्ही बाजूंचे वकील दुपारी एकाच टपरीवर चहा पितात, हे तिने पहिल्याच महिन्यात पाहून ठेवलं होतं. किशोरच्या कानावर गेलं असतं तर एका संध्याकाळचं काम होतं. रंध्याचे चार हात, नाहीतर रंगाचा एक डबा. म्हणून ती चौदा महिने गप्प राहिली. दर रविवारी नाशिक रोडला जाऊन त्या गोदामाचं कुलूप रस्त्याच्या पलीकडून बघून यायची. पेटी विकली तर गेली नसेल ना, हे कुलूप बघून कळत नाही, पण ती जायची.

शेवटी तिने वकिलांना एकच गळ घातली. पेटी बघायला कोर्टाचं माणूस पाठवा, एवढंच करा. वकिलांनी कटकट मिटावी म्हणून अर्ज दिला. कोर्टाने आदेश केला की कमिशनरने पेटीची पाहणी करावी, ती कोणी व केव्हा बनवली याच्या काही खुणा असल्यास नोंदवाव्यात. असली कामं धाकट्या वकिलांना मिळतात, फी तीनशे रुपये. हे काम मला मिळालं.

गोदाम म्हणजे पत्र्याची लांब खोली होती, एका बाजूला कोणाच्या तरी कांद्याच्या गोण्या आणि दुसऱ्या बाजूला जादूचं सामान. दोन्ही वकील, दोन पंच, किशोर आणि सविता. मी तिला पहिल्यांदा तिथेच पाहिलं. निळी साडी, दोन्ही हात एकमेकांत घट्ट. पंचांनी पेटीवरचं कापड ओढलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

पेटीला ताजा रंग दिला होता. लाल भडक, वर सोनेरी चांदण्या. रंगाचा वास कांद्याच्या वासाला पुरून उरत होता.

किशोर माझ्याकडे बघून म्हणाला की कोर्टाचं माणूस येणार, तर वस्तू नीट दिसावी म्हणून परवा रंग मारून घेतला. मी सगळ्या बाजूंनी पेटी बघितली, ठोकून बघितली, झाकण उघडून आत बॅटरी मारली. आत काळं, रिकामं. नाव नाही, तारीख नाही, काही नाही. मी तसं लिहायला घेतलं. तेव्हा किशोरच्या वकिलांनी त्यांचा डाव टाकला. ते म्हणाले, आणखी आत बघायचं असेल तर आमची हरकत नाही, पण सगळ्यांसमोर बघा, पेटी कशी चालते त्याचं चित्र काढा, अहवालाला जोडा.

मला क्षणभर कळलं नाही, मग कळलं. अहवाल रेकॉर्डला गेला की त्याची नक्कल कोणालाही काढता येते, थोड्याशा रुपयांत. गुपित एकदा कागदावर आलं की पेटी खरोखरच बाराशेची. आणि बापाने घातलेली शपथ सविता मोडणार नाही, हे नवऱ्याला चांगलं ठाऊक होतं. त्याला पेटी उघडायची नव्हतीच. तिने स्वतःहून मागे सरावं, एवढंच त्याला हवं होतं.

सविताने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या लोकांत बहुधा मीच तिला बाई दिसले म्हणून, किंवा माझं माप तिच्या नजरेत भरलं म्हणून. ती कोरड्या आवाजात म्हणाली, "ताई, आतल्या अंगाला काय हाय ते मी कागदावर लिहून देते. त्यांना पण लिहू द्या. मग तुम्ही एकट्या आत जाऊन बघा. चित्र नका काढू."

माझं डोकं त्या दिवशी बरं चाललं. हिंदू विवाह कायद्याचं काम बंद दाराआड चालवायचं असतं, मग त्याची पाहणीही बंद दाराआडच व्हायला हवी. पेटी कशी चालते ते नोंदवा असं आदेशात कुठेही नाही, कोणी आणि केव्हा बनवली एवढंच आहे. मी तसं सांगितलं. किशोरचे वकील हरकत घेऊ लागले, मी म्हटलं हरकत लिहून घेते, आणि लिहून घेतली. मग ते हसून म्हणाले, बसतील बसतील, मॅडम अर्ध्या तिकिटात बसतील. तेही मी लिहून घेतलं.

दोघांना एकेक कोरा कागद दिला. किशोरने पाच ओळींची जागा घेऊन मोठ्या अक्षरात लिहिलं, बेफिकीरपणे. दहा वर्षं ज्या पेटीवर पोट भरलं तिच्यात काय आहे हे त्याला माहीत नसेल असं त्याला वाटणं शक्यच नव्हतं. सविताने हळूहळू लिहिलं. मध्ये एकदा थांबून तिने पेटीच्या लाल रंगाकडे पाहिलं. मी दोन्ही कागद पाकिटात घातले, पाकिटं चिकटवली, त्यावर पंचांच्या सह्या घेतल्या. मग वकील आणि पंच बाहेर गेले आणि मी दार लावलं. आत मी, सविता आणि किशोर असे तिघं राहिलो.

दार लागल्यावर ती माझ्या कानाशी आली. "ताई, तिथेबी रंग लागला असंल तर मी संपले. तुम्हाला काय दिसंल ते खरं सांगा." मी म्हटलं, खरंच सांगेन. दुसरं काय म्हणणार होते?

पेटी कशी चालते ते मी इथे सांगणार नाही. तिने मला कुठे हात ठेवायचा, कुठला खांदा आधी न्यायचा ते सांगितलं आणि मी गेले. साडी गुंडाळून घेतली, चष्मा हातात धरला, गुडघे छातीशी आले. चार फूट दहा इंचांची बाई तिथे मावते, पण तिच्यासोबत तिचा श्वाससुद्धा मावत नाही. तिने झाकण लावलं आणि माझ्याभोवती काळोख झाला. मला माझ्याच छातीचे ठोके लाकडातून ऐकू यायला लागले. या बाईने असं हजारभर वेळा, उपाशीपोटी, इथे पडून हसू सांभाळलं होतं.

नाकात रंगाचा वास भरला. बोट लावलं तर फळी गुळगुळीत लागली. रंग, मला वाटलं, संपलं. बाहेर ती उभी आहे आणि मला आता हे ओरडून सांगायचंय, या विचाराने मला घाम फुटला. मी डोळे मिटले, उघडले. मग हळूहळू दिसायला लागलं. चिमाजींनी श्वासासाठी तीन भोकं ठेवली होती, करंगळीएवढी, बाहेरून नक्षीत लपलेली. त्यांतून तीन ठिपके उजेड माझ्या कानाशेजारच्या फळीवर पडला होता, आणि त्या उजेडात कोरं सागवान दिसत होतं. गुळगुळीत होता तो रंधा, रंग नव्हे. झाकण उघडं असताना ती फळी दिसतच नाही. आत निजून, झाकण लावून घेतलं तरच ती डोळ्यांसमोर येते.

किशोरने लोकांना दिसतं तेवढंच रंगवलं होतं. दहा वर्षांत तो एकदाही आत गेला नव्हता. जादूगाराने कशाला जायचं? त्याचं तोंड कायम पाहणाऱ्यांकडे.

फळीवर तापल्या खिळ्याने अक्षरं जाळून काढलेली होती, सुताराच्या हातची, वळणं थोडी जाड. मी चष्मा कसाबसा नाकावर चढवला. बाहेरून सविताचा आवाज आला, दिसतंय का काही. मी म्हटलं, दिसतंय.

"मोठ्याने वाचा," ती म्हणाली.

मी जुन्या नाशकातली, माझ्या घरात अम्मीची उर्दू आणि शाळेत पुस्तकी मराठी. अहिराणी माझ्या तोंडात बसत नाही. तरी मी अक्षर अक्षर लावून वाचलं: "हाई पेटी मनी पोर सविताले दिधी शे. चिमाजी सुतार, सटाणा. आखाजी, १९९०."

ही पेटी माझ्या पोरीला दिली आहे, असं बापाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं. खाली अजून एक ओळ होती. ती पुराव्याची नव्हती, कोर्टाला तिचं काही काम नव्हतं. वाचावी की नाही असं मला झालं. मग मी तीही वाचली: "माय, घाबरू नको. मी आठेच शे." म्हणजे, मी इथेच आहे.

झाकण उघडलं तेव्हा सविता पेटीच्या कडेला डोकं टेकून रडत होती, आवाज न करता. किशोर एका ट्रंकेवर बसला होता. मघाचा माणूस आणि हा माणूस एक वाटत नव्हता. तो सविताला म्हणाला, "इतकी वर्षं झाली, कधी बोलली नाहीस."

सविताने डोळे पुसले. "तुम्ही कधी विचारलं का, आत काय हाय?"

पंचांसमोर पाकिटं फोडली. सविताच्या कागदावर तीच अक्षरं, तीच ओळ, आखाजीसकट. किशोरच्या कागदावर होतं, 'आतून पूर्ण काळा रंग. कोणतीही खूण नाही.' खाली झोकदार सही.

मी अहवाल दीड पानांचा केला आणि चित्र काढलं नाही. किशोरच्या वकिलांनी अहवालावर आक्षेप घेतला तेव्हा साहेबांनी मला चेंबरमध्ये बोलावून विचारलं की हे लिखाण तुम्ही नेमकं कसं पाहिलं. मी म्हटलं, झोपून, साहेब. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्यात फार वेळ लागला नाही, आणि पुढे काही विचारलं नाही. नव्वदच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तयार असलेली पेटी एक्याण्णवच्या ऑगस्टात विकत घेतल्याची पावती मग किशोरच्या वकिलांनी स्वतःच मागे घेतली. खोट्या पावतीचं प्रकरण अंगाशी येण्याआधी त्यांना तडजोड सुचली. घटस्फोट दोघांच्या संमतीने झाला. लग्नात माहेराहून आलेली वस्तू म्हणून पेटी सविताची, आणि वर एकरकमी पन्नास हजार.

कोर्टाच्या पायऱ्यांवर किशोरने तिला गाठलं. मी मागेच होते. त्याने पेटीचे चाळीस हजार देऊ केले, रोख, त्याच आठवड्यात. इंदूरच्या एका पार्टीला त्याने पेटीचा शब्द देऊन ठेवला होता म्हणे. सविता थांबली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "किंमत तर बाराशेच हाय ना?" आणि बसस्टँडकडे चालायला लागली. मला हसू आवरेना. वकिलाने पक्षकारासमोर असं हसू नये, पण ती माझी पक्षकार नव्हती.

पुढे ती माझी मैत्रीण झाली, आणि तेव्हाच तिने मला तिच्या फजितीची गोष्ट सांगितली. पेटी टेम्पोतून खोलीवर आणली, दार लावलं, आणि ती आत जायला गेली. डावा खांदा गेला, कंबर अडकली. द्राक्षांच्या पॅकिंगला ती दीड वर्षं इतर बायकांबरोबर डबा उघडून पोटभर जेवली होती. ज्या पेटीसाठी एवढी लढली तिच्यात तिला जागा नव्हती. ती तिथेच जमिनीवर बसली, मला म्हणाली की आधी रडू आलं, मग भूक लागली, मग तिने पिठलं-भाकरी करून खाल्ली.

दोन हजार सहाच्या जानेवारीत मी दिंडोरीजवळच्या एका आश्रमशाळेत कायद्याची माहिती द्यायला गेले होते. माझं भाषण कोणी ऐकलं नाही, कारण त्यानंतर जादूचे प्रयोग होते. पडद्यावर लिहिलं होतं, 'जादूगार सविता चिमाजी'. काळी पँट, लाल कोट, हातात काठी, आणि आवाज सटाण्याच्या बाजारात कांद्याचा भाव सांगावा तसा खणखणीत. पेटीत जाणारी होती पेठकडची भागी, बावीस-तेवीस वर्षांची बारकुडी बाई, नवऱ्याने टाकलेली. सविता सुताराची पोर. तिने पेटी भागीच्या मापाने दोन बोटं वाढवली होती, स्वतःच्या हाताने.

हेडमास्तरांकडून पैसे घ्यायला दोघी मिळून गेल्या. निम्मे तिथेच, त्यांच्या टेबलावर, भागीच्या हातात पडले. तिने ते पदरात बांधले आणि मग दोघी पेटीकडे आल्या. प्रयोगाआधी भागी आमच्यासोबत खिचडीची दुसरी वाटी घेऊन जेवली, हेही मी पाहिलं.

प्रयोग झाल्यावर पोरं पांगली. सविता म्हणाली, हमीदाताई, एकदा आत जाऊन या. मी म्हटलं, आता नको, गुडघे दुखतात. तरी गेले. तिने झाकण लावलं. तीच तीन भोकं, तोच उजेड, चिमाजींची अक्षरं तशीच. त्यांच्या खाली नव्या ओळी होत्या, तापल्या खिळ्याने जाळलेल्या, वळणं बापाइतकीच जाड: 'या पेटीची निम्मी कमाई भागीची. उद्या मी नाही म्हटलं तर हे कोर्टात दाखवावे. सविता चिमाजी सुतार.' तारीख होती आणि सही होती.

मी त्या ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. बाहेरून भागीने विचारलं, ताई, बऱ्या आहात ना? मी म्हटलं बरी आहे, उघडा आता.